बाळाच्या छातीच्या जखमेत स्नायू बसवल्यास हात अधू होतो का?

प्रश्न (बाळाची आत्या, रामबाग, इंदूर)
माझ्या थोरल्या भावाच्या सात महिन्यांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र गेल्या महिन्यात शस्त्रक्रियेने बंद केले. बाराव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला आणि संसर्ग छातीच्या मधल्या हाडापर्यंत गेल्याचे निदान झाले. जखम उघडून साफ केली आहे. आता छातीचा स्नायू काढून ती बुजवणार आहेत. वहिनींना एकच भीती आहे, की पोरीचा हात कायमचा अधू होईल.

उत्तर १ (निवृत्त प्लास्टिक सर्जन, इंदूर)
स्नायू ‘काढत’ नाहीत, हे वहिनींना आधी सांगावे. छातीच्या मोठ्या स्नायूला मुख्य रक्तपुरवठा खांद्याकडून येणाऱ्या धमनीतून होतो. ती धमनी जपून स्नायू फासळ्यांवरून सोडवतात आणि मध्यरेषेकडे सरकवतात. कापलेल्या हाडाच्या कडांना रक्त कमी मिळते, मागे पोकळी राहून तिच्यात स्राव साचतो, आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविक तर रक्त पोहोचेल तिथवरच पोहोचते. म्हणून ही पोकळी जिवंत, रक्ताळ स्नायूने भरायची. पूर्वी नळ्यांतून औषधी द्रावण सोडून जखम धूत राहण्यावर भर असे. १९८० मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील मॉरिस जुर्किविच आणि सहकाऱ्यांनी स्नायूंच्या वापराचे अनुभव प्रसिद्ध केले आणि ही पद्धत रुजली.

तान्ह्या बाळाची जखम लहान असल्याने पुष्कळदा एकाच बाजूचा स्नायू पुरतो. खालचे टोक उघडे राहिले, तर पोटाचा सरळ स्नायू किंवा आतड्यांवरचा चरबीचा पडदा वापरता येतो. हाताचे म्हणाल, तर खांद्याचे इतर स्नायू ते काम बरेचसे सांभाळून घेतात. काही मुलांना एका बाजूचा हा स्नायू जन्मतःच नसतो, तरी त्यांचा खांदा हलतो. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच: बाळ मुलगी आहे, तेव्हा त्वचा सोडवताना स्तनाचा अंकुर कसा जपणार, हे सर्जनना आवर्जून विचारा.

उत्तर २ (एक आई, बडोदा)
माझ्या मुलावर अशीच शस्त्रक्रिया झाली. आधी काही दिवस स्राव ओढून घेणारे व्हॅक्यूम ड्रेसिंग होते, नंतर कित्येक आठवडे शिरेतून औषधे चालली. हाड जुळेपर्यंत बाळाला काखेत हात घालून उचलू नका. एक हात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घ्या. आजी-आजोबांनाही हे करून दाखवा, कारण सवयीने हात काखेतच जातो.

प्रश्नकर्ती
आपले दोघांचे मनापासून आभार. वहिनींना सारे वाचून दाखवले. स्तनाच्या अंकुराविषयी आम्हाला कुणाला सुचलेच नव्हते; उद्या सकाळी राउंडच्या वेळी तोच प्रश्न पहिला विचारणार आहोत.