गोड खाणं आणि पाळी, पीसीओएस, प्रेग्नन्सी : तुमचे अनुभव लिहा

पाळी लांबली की जो तो "थायरॉइड बघून घे" म्हणतो, दिवसाला किती साखर पोटात जाते हे कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा. उपदेश नकोत, स्वतःचं किंवा घरातलं लिहा.

मीच सुरुवात करते. ऑफिसात मशीनचा चहा, त्या प्रिमिक्समध्ये साखर आधीच घातलेली असते, सोबत क्रीमची बिस्किटं. पाळी दोन-दोन महिने गायब, हनुवटीवर राठ केस, मानेवर काळपट पट्टा. आई म्हणायची नीट घासून आंघोळ कर, पण तो मळ नसतो हो, रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते. निघाला पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते अजून अजून तयार होतं, मग ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, वर लिव्हरमधलं त्या हार्मोनला धरून ठेवणारं प्रोटीनही कमी होतं, म्हणजे सगळं मोकाट. बीजं अर्धवट वाढून थांबतात आणि सोनोग्राफीत मोत्यांच्या माळेसारखी दिसतात. लोक त्यांना गाठी म्हणतात, पण त्या गाठी नव्हेतच. वजन जरासं उतरलं आणि पाळी आपसूक यायला लागली.

उपासवाली, नाशिक
माझं गोड कमीच, पण उपास फार. एकादशी दुप्पट खाशी! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी शिकरण, संध्याकाळी राजगिऱ्याची चिक्की. डायटिशियन म्हणाली साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, साखर झपकन वाढवतो. आता भगर आणि दाण्याची आमटी, तीही वाटीभरच. आणि साखर सोडून गुळाचा चहा धरणाऱ्या मैत्रिणींनो, गूळही साखरच आहे, थोडं लोह असेल त्यात पण इन्सुलिनला ते कळत नाही.

सडपातळ
थोडं उलटं लिहिते, राग मानू नका. माझं वजन ४६ किलो, गोडाची आवड नाही, तरी पीसीओएस. मोठ्या बहिणीलाही आहे, म्हणजे घराण्यातच असणार. सगळं साखरेवर ढकललं की नातेवाईक लगेच "तूच खाल्लंस" म्हणायला मोकळे. माझ्या लग्नाआधी तर एका आत्याबाईंनी माझ्या ताटातला श्रीखंडाचा चमचाच उचलला होता!

डोहाळजेवणवाली, पुणे
मला प्रेग्नन्सीत डायबेटीस निघाला. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं (घशाखाली उतरत नव्हतं), दोन तासांनी रक्त घेतलं तर साखर १६८, १४० च्या आत हवी होती. घरचे म्हणाले दोन जिवांची आहेस, गोड सोडू नकोस. मग डॉक्टरांनी सासूबाईंनाच आत बोलावलं आणि सांगितलं की आईची साखर वारेतून बाळाकडे जाते पण तिचं इन्सुलिन जात नाही, त्यामुळे बाळ स्वतःचंच इन्सुलिन जास्त बनवतं आणि नको इतकं वाढतं. त्यानंतर सासूबाईंनी स्वतः आंब्याची पेटी शेजारी देऊन टाकली, मला एक फोडसुद्धा ठेवली नाही 😄 बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली, पण पुढे डायबेटीस होण्याचा धोका राहतो म्हणून तपासणी चालूच आहे. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू मात्र मोजून मिळाले.

कोल्हापूरकरीण
आईचं लिहिते, तिने हे कुणाला सांगितलंच नव्हतं. दह्यासारखं पांढरं जाणं, खाज, क्रीम लावलं की बरं आणि परत तेच. लाजेनं मेडिकलवाल्याकडूनच औषध आणायची. शेवटी एका लेडी डॉक्टरने आधी साखर तपासली, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ९ च्या वर! रक्तात आणि लघवीत साखर जास्त असली की हे इन्फेक्शन करणाऱ्या बुरशीचं फावतं म्हणे. साखर ताब्यात आल्यावर इन्फेक्शनही थांबलं. पण सगळंच पांढरं जाणं डायबेटीसमुळे नसतं, तपासून घ्याच.

दोन पोरांची आई
एक कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. गोड बंद, रोज चालणं आणि मेटफॉर्मिन (डायबेटीसचीच गोळी, पीसीओएसलाही देतात) सुरू केलं, पाळी अजून नीट बसली नव्हती त्यामुळे आम्ही निर्धास्त, आणि दुसरी चाहूल लागली! पाळीच्या आधी बीज सुटतं, त्यामुळे पाळी यायची वाट बघत बसलात तर उशीर होतो. मूल नको असेल तर आहार बदलतानाच डॉक्टरांशी गर्भनिरोधकाचं बोलून घ्या. आमचं धाकटं आत्ता मांडीवर बसून माझा फोन ओढतंय, बाकी नंतर लिहिते.