पाचवी सिम्फनी: "डोळे मिटून कारायान घ्या" म्हणे!

मंद्रसप्तक: काल दुसऱ्या धाग्यावर एकाने ज्ञान पाजळलं की नवख्याने बीथोवनची पाचवी सिम्फनी ऐकायची तर डोळे मिटून कंडक्टर (ऑर्केस्ट्रा चालवणारा) कारायानचं रेकॉर्डिंग घ्यावं, बाकी सगळा फाफटपसारा. तिथेच दोन ओळी टाकणार होतो पण राहवेना, म्हणून हा धागा. अहो, कुठला कारायान? या बाबाने नऊच्या नऊ सिम्फन्या स्टुडिओत चारदा केल्यात, आधी लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर, मग तीनदा बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर. १९६१-६२ चा बर्लिनचा सेट तलवार आहे आणि ८० च्या दशकातला डिजिटल म्हणजे पॉलिश केलेलं स्टीलचं भांडं. नुसतं "आंबा घ्या" म्हणून कसं चालेल, हापूस की रायवळ ते सांगा की! माझं मत विचाराल तर पाचवीला कंडक्टर कार्लोस क्लायबर, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४. विषय संपला.

बर्लिनवाला: ते ज्ञान मीच पाजळलं होतं, नाव घ्यायला लाजू नका. नवख्याला चार पर्याय दिले की तो पळतो. आणि क्लायबर क्लायबर करणाऱ्यांनी कारायान ६२ नीट ऐकलेलाच नसतो.

तंतुवाद्य: दोघेही जुन्यात अडकलेत. बीथोवनने स्वतः १८१७ मध्ये मेट्रोनोमचे (वेग मोजायच्या यंत्राचे) आकडे छापून दिलेत, पहिल्या मूव्हमेंटला, म्हणजे भागाला, मिनिटाला १०८ बार (तालाचे छोटे खंड). कंडक्टर गार्डिनर ऐका, त्या काळची वाद्यं, आतड्याच्या तारा, त्या आकड्यांच्या आसपास वेग.

बर्लिनवाला: १०८ म्हणजे काय जपमाळ आहे का?

जळगावची_केळी: तुमचे वाद चालू द्या, माझं दुःख ऐका. तिसरी मूव्हमेंट संपत येते, सगळा ऑर्केस्ट्रा दबा धरून बसलेला, नुसती टिंपनी (नगाऱ्यासारखं वाद्य) हळू हळू टकटक करतेय, अंगावर काटा, आता न थांबता चौथी फुटणार, ट्रॉम्बोन पहिल्यांदा वाजणार... आणि माझं अ‍ॅप मध्येच गॅप टाकतं! एकदा तर चक्क मसाल्याची जाहिरात लागली. कुठला कंडक्टर हा प्रश्नच उरत नाही हो.

मंद्रसप्तक: म्हणूनच सीडी. मी मुंबईत काळा घोड्याला रिदम हाउस या दुकानात तासतास उभं राहून निवडायचो, २०१६ ला बंद झालं तेव्हा घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं.

तंतुवाद्य: सीडी वाजवायला प्लेअर कुठाय आता? पैसे भरा, जाहिरात जाते.

जळगावची_केळी: भरलेत! तरी गॅप आहेच. शिवाय शफल चालू राहिलं की आधी चौथी मग दुसरी. यमनचा द्रुत आधी आणि आलाप नंतर, असं ऐकाल का तुम्ही?

बर्लिनवाला: सेटिंगमध्ये गॅपलेस असं काहीतरी असतं ते चालू करा, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद करा. एवढं रडायला काय झालं.

जळगावची_केळी: रडतोय कोण? मी सेटिंग बघितलं नसेल असं वाटतं का तुम्हाला?

पहिली_रांग: रेकॉर्डिंगवरून मारामाऱ्या कसल्या करता, मुंबईत २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात जा, प्रत्यक्ष ऐका. एकदा समोर बसून डबल बास ऐकलात की हेडफोन फेकून द्याल.

जळगावची_केळी: हो ना, दरवेळी रात्रीच्या गाडीने येतो, तिकीट तुम्ही काढा.

तंतुवाद्य: 😂

मंद्रसप्तक: मूळ मुद्दा राहिला बाजूला. केळीसाहेब, शक्य असेल तर पूर्ण सिम्फनीची एकच सलग फाइल करून ठेवा. मी बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर तेच केलंय, क्लायबरची, अर्थात.

जळगावची_केळी: हे जमलं. तिसरीतून चौथीत गेलो, एकदाही तुटलं नाही. माफ करा, पण फाइल कारायानची होती.

बर्लिनवाला: 🙏 आता प्रामाणिकपणे सांगतो, काल रात्री क्लायबर पुन्हा लावला. वाईट नाही.

मंद्रसप्तक: "वाईट नाही"!! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

बर्लिनवाला: आवाज मोठा होता म्हणून असेल.