रशियन घरातले पहिले दिवस: तुमचे अनुभव सांगा

भाची एका सेमिस्टरसाठी सेंट पीटर्सबर्गला चाललीये. होस्टेल नको, रशियन कुटुंबात राहते म्हणतेय, आणि ताईची झोप उडालीये. जे राहून आलेत त्यांनी लिहा, गोड-कडू सगळं.

माझ्यापासून सुरुवात. मॉस्कोत एका निवृत्त शिक्षिकेकडे होते. दारात बूट काढले आणि आपल्या सवयीने अनवाणी आत शिरले, तर बाई किंचाळल्याच! पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातांची, म्हणजे तापोच्कींची, एक जोडी पायात सरकवेपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही. गार फरशी, दगडी पायरीवर बसणं आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून येणारा वारा, बायकांची सगळी दुखणी यातूनच येतात यावर त्यांचा ठाम विश्वास. घरात मात्र उकडायचं. हीटिंग अख्ख्या शहराचं एकत्र; सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांखाली राहिलं की सुरू होतं, आपल्या हातात काही नाही. बाहेर बर्फ नि आत मी हाफ पँटीत. ताई, सुती कपडे भरपूर दे.

सदाशिवपेठी
शाकाहारी असाल तर नीट वाचा. "मी मांस खात नाही" म्हटल्यावर आजींनी मान डोलावली आणि कोंबडीचं सूप वाढलं. नाही म्हटलं, तर मासा आला. तेवढ्यात त्यांना काय सुचलं कोण जाणे, "पोस्त पाळतेस का?" म्हणाल्या. ईस्टरआधी सुमारे सात आठवडे त्यांचा मोठा उपवास असतो, मांस-अंडी-दूध सगळं बंद. मी हो म्हणून टाकलं. मग काय, ग्रेच्का (म्हणजे कुट्टू), कोबी, बीट, मशरूम, खारवलेल्या काकड्या, चंगळ! ईस्टरला त्यांनी कुलिच, म्हणजे ईस्टरचा गोड पाव, कापला, "सुटला तुझा उपवास" म्हणाल्या आणि ताटात कटलेट. पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

शेपूवाली
शेपू आवडतो का भाचीला? बटाट्यावर शेपू, सूपमध्ये शेपू, काकडीत शेपू. माझ्या नवऱ्याला लग्नात बोहल्यावर इतकं गांगरलेलं पाहिलं नव्हतं.

कोल्हापूरकर
पीटर्सबर्ग म्हणजे पूल. नेव्हा नदीवरचे पूल साधारण एप्रिल ते नोव्हेंबर रात्री जहाजांसाठी उचलतात आणि मेट्रो तर मध्यरात्रीच झोपते. आम्ही वासिल्येव्स्की बेटावर राहायचो. यजमान काकांनी पहिल्याच संध्याकाळी पुलांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून दिलं: उशीर झाला तर पहाटेपर्यंत पलीकडे. जूनमधल्या त्या पांढऱ्या रात्रींत आकाश उजळ असतं, घड्याळ बघायची आठवणच होत नाही, तिला तिथे जपायला सांगा.

आणखी एक, घरात कोणी उगाच हसून बोलत नाही. काका पहिला आठवडाभर माझ्याशी पोलीस पाटलासारखे वागले. मग एकदा ताप आला, तर रात्री उठून मध घातलेला चहा आणून दिला, चेहरा तसाच.

बादलीबहाद्दर
उन्हाळ्यात जाणार असेल तर गरम पाणी बंद पडणार हे आत्ताच सांगून ठेवा. नळांच्या देखभालीसाठी एकेका भागाचं सुमारे दोन आठवड्यांपर्यंत बंद ठेवतात, तारखा आधी जाहीर होतात. यजमानीणबाई वरमल्या होत्या, परदेशी पाहुण्याला कसं सांगायचं म्हणून. मी पातेलं गॅसवर चढवलं, बादली आणि तांब्या मागितला. दहा मिनिटांत आंघोळ उरकून बाहेर! त्यांच्या मुलाने मला हे तंत्र शिकवायला लावलं.

सदाशिवपेठी
वर राहिलंच. पहिल्या दिवशी फुलं न्यायची असतील तर विषम संख्येत. सम संख्या मयतीला. आणि उंबऱ्यावरून हस्तांदोलन करू नका, एक तर आत या नाही तर त्यांना बाहेर येऊ द्या. (आपल्याकडे उंबऱ्यावर शिंकलेलं चालत नाही, तेव्हा हसू नका.)

कोल्हापूरकर
कागदाचंही बघा. पोचल्यावर ७ कामकाजाच्या दिवसांत पत्त्याची नोंदणी लागते आणि ती यजमानाच्या बाजूने होते. घरमालक त्यासाठी तयार आहेत का, की विद्यापीठ करून देणार, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या. नोंदणीची चिठ्ठी पासपोर्टात ठेवायची.