घराच्या कागदातलं कलम आणि आपल्या दोन बॅगा

जुनी_विहीर
मागच्या वर्षी डेट्रॉइटच्या एका उपनगरात घर घेतलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचं, विटांचं. क्लोजिंगचा, म्हणजे खरेदीच्या कागदांचा, गठ्ठा कोण वाचतो? पण परवा विमा बदलताना काढला, तर त्यात वसाहतीचं मूळ नियमपत्रक निघालं. कोंबड्या पाळायच्या नाहीत, कुंपण अमुक उंचीच्या वर न्यायचं नाही, आणि त्याच दमात: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणी इथे राहायचं नाही, मालकाच्या घरी कामाला असलेला नोकर असेल तर चालेल. म्हणजे त्या काळी या स्वयंपाकघरात माझा प्रवेश भांडी घासण्यापुरताच. बायकोला दाखवलं तर म्हणाली, "आता वेगळं काय करतोस?"

हसून झालं. मग शनिवारी एट माइल रोडजवळची बर्वुडची भिंत बघून आलो. काँक्रीटची, पुरुषभर उंच, साधारण अर्धा मैल लांब. १९२० च्या दशकापासून तिथे कृष्णवर्णीय कुटुंबं जमीन घेऊन स्वतःच्या हातानं घरं बांधत होती, कारण बँका त्यांना कर्ज देत नव्हत्या. शेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत काढायची होती. फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे १९३४ पासून गृहकर्जांना सरकारी हमी देणारं खातं, त्याला हमी देईना: काळ्यांची वस्ती फार जवळ आहे. त्यानं १९४१ मध्ये मधोमध भिंत घातली आणि हमी मिळाली. भिंत अजून उभी आहे. आता तिच्यावर चित्रं काढलीत, पलीकडे मुलं खेळतात.

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत दरवर्षी एक वाक्य कानावर येतं, "आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलो, यांना काय झालं?" 'यांना' म्हणजे कृष्णवर्णीयांना. माझं म्हणणं एवढंच की हे वाक्य बंद करावं. आणि ज्यांना सरकारनं वंश बघून कर्ज नाकारलं, त्यांच्या वारसांना सरकारनं भरपाई द्यावी.

गाडीवाला
बावीस वर्षं या गावात आहे, तीन प्लांट बंद होताना डोळ्यांनी पाहिलेत. भिंत वाईट होती, कबूल. पण घरविक्रीत वंशभेद करायला बंदी १९६८ ला आली. त्याला दोन पिढ्या झाल्या. डेट्रॉइट बुडालं ते गाड्यांच्या धंद्यामुळे. १९५० ला साडेअठरा लाख वस्ती, २०२० ला साडेसहाच्याही आत. शहराचा महापौर १९७४ पासून चाळीस वर्षं कृष्णवर्णीयच होता. ओहायोतल्या बंद गिरणीजवळचा गोरा माणूसही तितकाच उघड्यावर आहे, त्याला कोण विचारतंय?

आणि भरपाई द्यायची कुणी? माझे आजोबा सांगलीकडे दुसऱ्याच्या उसात राबायचे. त्यांनी कुणाला गुलाम ठेवलं नव्हतं. वर कोण पात्र, कोण नाही हे ठरवणार कसं? तिथेही जातपडताळणी समिती बसवणार का? चकरा मारून चपला झिजतील लोकांच्या.

पमी
जातपडताळणीचं आवडलं. पण तुम्ही गोष्ट १९६८ पासून मोजताय, तिथे अडतं.

१९२५. ऑशन स्वीट, कृष्णवर्णीय डॉक्टर, डेट्रॉइटच्या गार्लंड स्ट्रीटवर घर घेतात. शिकलेला, पैसेवाला, तुम्हाला हवा तसा स्वतःच्या जोरावर उभा राहिलेला माणूस. राहायला आले तर दारात शेकडोंचा जमाव आणि दगडफेक. घरातून गोळी सुटली, बाहेर एक जण मेला आणि घरातल्या अकराही जणांवर खुनाचा आरोप. क्लॅरन्स डॅरोसारखा नावाजलेला वकील होता म्हणून सुटले. शिक्षण, चिकाटी, बचत, काय कमी होतं त्यांच्यात?

युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यानं स्वस्त गृहकर्ज मिळालं. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांची पाहणी झाली: हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना किती? दोन. दोन टक्के नाही, दोन कर्जं.

आता विहीर, तुम्हाला एक विचारते. घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलंत ना?

जुनी_विहीर
बघितलं. रेटिंग दहापैकी नऊ. आधी तेच बघितलं, किंमत नंतर.

पमी
मीही तेच केलं, म्हणून विचारलं. डेट्रॉइट शहरातल्या आणि उपनगरांतल्या मुलांना एकत्र शिकवायची योजना खालच्या कोर्टानं आखली होती. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. भिंत उपनगराच्या वेशीवर गेली, एवढंच. ते नऊ आपण विकत घेतो आणि मुलांना सांगतो की हे मेहनतीचं फळ.

दापोलीकर
म्हणजे आता पोराला चांगल्या शाळेत घातलं तरी पाप? धन्य.

कोरडवाहू
मी अमेरिका पाहिलेली नाही, पण गाडीवाल्यांचा 'दोन पिढ्या' हा हिशोब इथेही रोज ऐकतो. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मननं हुकूम काढला, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांना किनाऱ्यावरची चाळीस-चाळीस एकर जमीन. लोकांनी पेरलंसुद्धा. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सननं ती जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली. आता कल्पना करा, आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली आणि दिवाळीला सरकारनं सातबारा पुन्हा फिरवला. कुळाची नातवंडं आज कुठे असती?

दापोलीकर
कूळकायद्याचं नाव काढू नका. आमची गेली आहे त्यात, भाताची सगळी. आम्ही मागतोय का कुणाकडे भरपाई?

कोरडवाहू
काका, कायद्यानं तुमच्या आजोबांना किंमत ठरवून दिली होती, कुळांनी हप्त्यानं फेडली. कमी असेल, पण कागदावर होती. वॉशिंग्टन शहरात १८६२ ला गुलामगिरी बंद झाली तेव्हा भरपाई दिली गेलीच, माणशी तीनशे डॉलरपर्यंत. मालकांना. सुटलेल्या गुलामाला जास्तीत जास्त शंभर, तेही देश सोडून गेला तर. भरपाई ही कल्पना त्या सरकारला नवीन नाही, फक्त कुणाला द्यायची ते चुकलं.

गाडीवाला
हे तीनशे-शंभरचं माहीत नव्हतं. वाचून अंगावर आलं.

तरी माझा मुद्दा उरतोच. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची मत्ता २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीयाची ४५ हजारांच्या आत. दरी आहे, नाकारत नाही. पण त्याच तक्त्यात आशियाई ५ लाख ३६ हजारांवर आहेत. सगळं रंगावरच चालत असतं तर आपण कुठे असतो?

पमी
आपल्याला इथे गाळून आणलंय, म्हणून तिथे आहोत. १९४६ ते १९६५ इथे स्थायिक व्हायला भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. १९६५ नंतर डॉक्टर, इंजिनिअर निवडून घेतले. आपल्या दोन बॅगांपैकी एकीत सरकारी कॉलेजची जवळजवळ फुकट मिळालेली डिग्री होती. आणि ते देशवार कोटे मोडणारा १९६५ चा कायदा नागरी हक्कांच्या लढ्यातूनच आला. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला.

गाडीवाला
इथे थोडं ताणताय. तो कायदा इटालियन, पोलिश आणि ज्यू मतदारांना हवा होता, शीतयुद्धात अमेरिकेला जगापुढे तोंडही दाखवायचं होतं. आपण येऊ अशी कुणाची फारशी अपेक्षाच नव्हती. उपकार म्हणून आमच्या माथी मारू नका.

पमी
उपकार म्हणत नाही. पण अ‍ॅलाबामात लोकांच्या अंगावर कुत्रे सोडलेले जगानं टीव्हीवर पाहिले नसते, तर तोंड दाखवायची लाज तरी वाटली असती का?

दापोलीकर
अवांतर: विहीर, ते कलम अजून लागू आहे का? तुम्हाला घराबाहेर काढतील की!

जुनी_विहीर
नाही हो. १९४८ लाच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी कलमं कोर्ट अमलात आणणार नाही. त्यातला एक खटला डेट्रॉइटचाच, मॅगी नावाच्या कुटुंबाचा. पण कागदावरून ती कुणी पुसली नव्हती. आता अर्ज करून काढून टाकता येतात. अर्ज भरून ठेवलाय.

गाडीवाला
मग द्या की. घाण आहे, काढून टाका.

जुनी_विहीर
बायको सही करत नाहीये. म्हणते, काढलं तर घर विकताना पुढच्याला वाटेल की इथे कायम कुणीही राहू शकत होतं. आठवडा झाला, अर्ज फ्रिजवर लावलाय, चुंबकाखाली.