‘ट्रेझर हंट’मधल्या स्टुडिओतल्या स्पर्धकांना खरंच काहीच दिसायचं नाही का?

नकाशावेडा
सध्या चॅनल फोरच्या ‘ट्रेझर हंट’चे जुने भाग बघायचा सपाटा लावलाय, १९८२ ते १९८९ चालला होता तो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, दोन स्पर्धक स्टुडिओत नकाशे आणि पुस्तकांचा ढीग घेऊन बसतात, निवेदिका अॅनेका राइस हेलिकॉप्टरमधून ब्रिटनच्या खेड्यापाड्यांवरून फिरते, ४५ मिनिटांत पाच क्लू शोधून खजिना गाठायचा आणि बक्षीस १००० पौंड. आता माझी शंका. ती चुकीच्या दिशेला धावत सुटते ते आपल्याला घरी बसून स्पष्ट दिसतं आणि स्टुडिओतले दोघं निवांत पुस्तकाची पानं उलटत असतात! त्यांच्यासमोर स्क्रीन नसायचाच का? आणि असा कार्यक्रम आज परत जमेल का?

पूर्वरंग
नसायचा. त्यांना फक्त आवाज ऐकू यायचा आणि सगळी गंमत तिथेच आहे. क्लू अॅनेकाच्या हातात, पण तो सोडवायला लागणारी पुस्तकं यांच्याकडे, म्हणजे तिने वाचून दाखवायचा, यांनी डोकं चालवून सांगायचं की अमुक गावचं चर्च, मग ती उतरणार, पळणार, समोर दिसेल त्याला विचारणार, आणि तोपर्यंत यांच्या कानावर फक्त तिची धाप आणि मधेच एखादं “इथे काहीच नाहीये!” त्यामुळे एक गोष्ट नीट बघ, चांगले स्पर्धक सारखे तिला विचारत राहतात, डावीकडे काय आहे, नदी कुठल्या बाजूला, पूल दिसतोय का. जे नुसते पुस्तकात डोकं घालून बसतात त्यांचा वेळ हातचा जातो. स्टुडिओतला सूत्रसंचालक केनेथ केंडलही फार मोलाचा माणूस. १९५५ मध्ये बीबीसीच्या पडद्यावर दिसलेला पहिला वृत्तनिवेदक तो, आवाज कधी चढत नाही, स्पर्धक गोंधळले की हळूच रुळावर आणतो.

उत्तरदक्षिण
नकाशाच्या बाजूने सांगतो कारण लोकांना हे किती अवघड होतं ते कळतच नाही. जेटरेंजर जातीचं हेलिकॉप्टर, ताशी साधारण २०० किमी धरा, म्हणजे मिनिटाला तीन किलोमीटरच्या वर. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या, १:५०,००० नकाशावर एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. म्हणजे तुम्ही एक मिनिट पुस्तकात बघितलंत की ती नकाशावर साडेसहा सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते, कधी कधी तर नकाशाच्या घडीपलीकडे! तेव्हा सामान्य माणसाच्या हातात जीपीएस नव्हतं, मग आधार कशाचा, तर रेल्वेचे रूळ, नदीचं वळण, चर्चचा मनोरा. वरून शेतं सगळी सारखीच दिसतात, रूळ मात्र हमखास सापडतात. ज्या जोडीत एकजण फक्त नकाशा धरून बसतो आणि दुसरा फक्त क्लू बघतो ती जोडी मला कायम भारी वाटते.

सहजच
मूळ कल्पना फ्रेंच आहे बरं का. टीव्ही निर्माता जाक आंत्वानचा ‘ला शास ओ त्रेझोर’, पुढे ‘फोर बोयार’ हा टीव्हीवरचा खेळही त्याचाच. त्यात हेलिकॉप्टरमधून धावणारा फिलिप द दिएलव्हल, तो १९८५ मध्ये झाईरमध्ये काँगो नदीवरच्या मोहिमेत बेपत्ता झाला. अजूनही वाचलं की वाईट वाटतं. नंतर १९९६ पासून फ्रान्समध्ये ‘ला कार्त ओ त्रेझोर’ आला, त्यात स्पर्धक स्वतःच हेलिकॉप्टरने फिरतात, एक लाल एक निळं. देखणा आहे, पण ते न बघता फक्त सांगून वाट दाखवणं त्यात नाही, म्हणून मला ब्रिटिशच जास्त आवडतो.

मागचा बाक
कॅमेरामनचं नाव कुणीच घेतलं नाही? ग्रॅहम बेरी. अॅनेका भिंतीवरून चढते, चिखलातून पळते, तेवढंच सगळं तोही करतो, खांद्यावर त्या काळातला जड कॅमेरा घेऊन, आणि वर चित्र हलू द्यायचं नाही. कितीतरी वेळ तिची पाठच दिसते कारण तो तिच्या मागे जिवाच्या आकांताने पळत असतो.

परत जमेल का म्हणशील तर बीबीसीने २००२ मध्ये केला होता, स्टुडिओत डर्मट मर्नाहन, हेलिकॉप्टरमध्ये सूझी पेरी. वर्षभरातच आटोपला. माझं मत विचारशील तर आजही जमेल, अट एकच, दोन्हीकडचे फोन काढून घ्यायचे. सर्च करायला मिळालं की क्लू दहा सेकंदात सुटतो, मग हेलिकॉप्टर नुसतं टॅक्सीसारखं.

नकाशावेडा
आवाजाचं आता लक्षात आलं, धन्यवाद सगळ्यांना. मग आज रात्री एक भाग स्क्रीन झाकून नुसता ऐकून बघतो, समोर नकाशा उघडून. सोपा कुठला घेऊ?

उत्तरदक्षिण
समुद्रकिनाऱ्यालगतचा कुठलाही घे. एका बाजूला पाणी असलं की दिशा चुकत नाही. आणि ती उडाली की लगेच पेन्सिलने वेळ लिहून ठेव.