लॅब्रॅडॉरच्या विम्याचे दोन दावे: एक कापून मिळाला, दुसरा फेटाळला

प्रश्न (कोथरूडकर):
आमच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरचा विमा १ एप्रिलपासून सुरू आहे. जुलैमध्ये त्याला गोचिडांमुळे ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या आणि सलाइन लावावे लागले. २६,४०० रुपयांच्या बिलापैकी कंपनीने १६,८०० रुपये दिले. ही कपात कशी झाली, हे पत्रातून नीट उलगडत नाही. ऑगस्टमध्ये मागच्या पायाच्या लंगडण्यासाठी एक्स-रे काढला, तो दावा मात्र ‘आजार विम्यापूर्वीचा’ म्हणून पूर्णच नाकारला. वास्तविक तो जूनच्या पहिल्या पावसात पार्किंगमधल्या ओल्या फरशीवर घसरला, तेव्हापासून लंगडतो आहे. आता काय करावे?

उत्तर (औंधहून):
तुमच्या पॉलिसीतील वजावट (दाव्यातून आधी वजा होणारी ठरीव रक्कम) २,००० रुपये आणि सह-भरणा (उरलेल्या खर्चातला तुमचा वाटा) २० टक्के असेल, तर हिशेब जुळतो. शाम्पू, खाद्य, टॉनिक अशा सहसा न मिळणाऱ्या बाबी ३,४०० रुपयांच्या असतील, तर उरतात २३,०००; त्यातून वजावट गेली की २१,०००; त्याचे २० टक्के, म्हणजे ४,२०० रुपये तुमच्या माथी, आणि हातात १६,८००. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी आपण पैसे भरायचे आणि मग प्रतिपूर्ती मागायची, असेच चालते. त्यामुळे बिलात प्रत्येक औषध व तपासणी वेगळी लिहून घ्यावी. नुसते ‘उपचार खर्च’ लिहिलेल्या बिलावर माझे बरेच पैसे अडकले होते.

उत्तर (सहकारनगरहून):
दुसऱ्या दाव्याचे मूळ बहुधा केसपेपरात आहे. लंगडणे कधीपासून, या रकान्यात डॉक्टरांनी काय लिहिले आहे, ते आधी पाहा. आपण सहज ‘असेल सहा महिने’ म्हणतो, डॉक्टर तेच उतरवून घेतात, आणि कंपनी तारखा मोजते. नोंद चुकीची असेल, तर डॉक्टरांकडून मूळ कागदात खाडाखोड न करता स्वतंत्र खुलासापत्र घ्या आणि त्यासोबत विम्याआधीची एखादी तपासणीची नोंद जोडा. एक सावधगिरीही हवी: लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतो आणि अनेक पॉलिसी आनुवंशिक आजार वगळतात. एक्स-रेत तसे निदान असेल, तर तारखा जुळूनही दावा टिकेलच असे नाही. म्हणून अहवाल वाचल्याशिवाय भांडायला जाऊ नका.

उत्तर (नारायण पेठेतून):
प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्यांचे कार्यालय आमच्या पेठेतच, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही (आणि चालतही नाही), पण अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज पोहोचायला हवा.

कोथरूडकर:
केसपेपर पाहिला. ‘सहा महिन्यांपासून’ असेच लिहिले आहे, आणि ते मीच बोललो होतो, हे आता आठवते. मात्र मार्चमध्ये अँटी-रेबीजची लस देताना त्याच डॉक्टरांनी ‘वजन ३१ किलो, चाल सामान्य’ अशी नोंद केली होती. ते पान सापडले. एक्स-रेचा अहवाल घेऊन उद्या त्यांच्याकडे खुलासापत्रासाठी जातो.