क्राकूफ आणि ऑशविट्झ: डिसेंबरातल्या सहलीचे तुमचे अनुभव लिहा

मागच्या डिसेंबरात जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधली आपण अकरा जणं शुक्रवारच्या रात्रीच्या बसनं पोलंडमधल्या क्राकूफला आणि तिथून नाझींची ऑशविट्झची छळछावणी बघायला गेलो आणि रविवारी रात्री परतीला लागलो. येताना बसमध्ये कोणी फारसं बोललं नाही. आता दुसरी तुकडी फेब्रुवारीत निघतेय आणि मला विचारतेय, "ताई, एवढ्या थंडीत ऑशविट्झला जावं का?" मी एकटीनं उत्तर देण्यापेक्षा तुम्ही सगळ्यांनी लिहा. लहान-मोठं कसंही चालेल, पण तुम्हाला खरोखर जे झालं ते लिहा.

नाशिककर

मी म्हणेन, थंडीतच जा. त्या शनिवारी दुपारी दोनला बिर्केनाऊत, म्हणजे ऑशविट्झच्याच दुसऱ्या, मोठ्या छावणीत, उणे पाच होतं. माझ्या अंगात थर्मल, स्वेटर, जाड जॅकेट आणि पायात मोज्यांचे दोन जोड, तरी रुळांच्या कडेनं चालताना अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. मग गाईडबाईंनी आम्हाला एका लाकडी बराकीत नेलं. हा नमुना मुळात ५२ घोड्यांच्या तबेल्याचा. तिथे चारशेच्या वर माणसं कोंबलेली असायची. फळ्यांच्या फटींतून वारा आत येत होता. मी भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला, इतकं लाकूड गार होतं. कैद्यांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे पातळ कपडे असायचे. "कैदी थंडीनं मेले" हे वाक्य मी शाळेपासून वाचत आलो होतो. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

इथे किमान ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतले सुमारे १० लाख ज्यू. १९४४ च्या मे ते जुलैदरम्यान एकट्या हंगेरीतून चार लाखांवर ज्यू आणले गेले, आणि बहुतेकांना आल्या आल्या गॅस चेंबरकडे पाठवलं. ज्या रुळांशेजारून मी चाललो, ते त्याच वर्षी छावणीच्या आतपर्यंत वाढवलेले.

सांगलीची

मी सूटकेसांच्या दालनापुढे गेलेच नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. काचेमागे सूटकेसांचा ढीग आहे आणि त्यांवर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत नावं, गावं, जन्मतारखा लिहिलेल्या. छावणीत आणलेल्या ज्या लोकांच्या त्या होत्या, त्यांना सामान परत मिळेल असं वाटलं होतं. मी इकडे यायला निघाले तेव्हा आईनं माझ्या सूटकेसवर अशीच ऑइलपेंटनं नाव-पत्ता घातला होता, हरवू नये म्हणून. मला दुसरं काही आठवेचना.

मारलेल्यांच्या कापून घेतलेल्या केसांचंही एक दालन आहे, तिथे फोटो काढू देत नाहीत. ते अगदी योग्य आहे.

ठाण्याचा

थंडीपेक्षा अंधाराचा विचार करा. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. आपल्याला आत जायला बाराची वेळ मिळाली होती. साडेतीन तासांची फेरी, त्यात मूळ छावणीहून बिर्केनाऊ तीन किलोमीटरवर, बसनं जायचं. शेवटी स्मारकापाशी पोचलो तेव्हा विविध भाषांतल्या पाट्या नीट वाचताही आल्या नाहीत. सकाळची वेळ खूप आधी नोंदवा. तिकिटावर पासपोर्टातलंच नाव हवं, ओळखपत्र बघतात, मोठी बॅग आत नेता येत नाही. पासपोर्टसोबत जर्मनीचा निवास परवानाही खिशात ठेवा. परतताना सीमेवर पोलीस बसमध्ये चढले होते.

पुणे ३०

रविवारी सकाळी आम्ही चौघं विएलिचकाच्या मिठाच्या खाणीत गेलो. आदल्या दिवसानंतर काही बघावंसं वाटत नव्हतं, पण गेलो ते बरं झालं. सुरुवातीलाच साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या. खाली इतकी ऊब की जॅकेट काढलं. जमिनीखाली शंभर मीटरवर देवळाएवढं चर्च, तेही खाणकामगारांनी मिठात कोरलेलं, झुंबरंसुद्धा मिठाच्या स्फटिकांची. माणसाच्या हातांनी हेही होतं, हे बघणं मला त्या दिवशी गरजेचं होतं.

कोल्हापूरची

क्राकूफच्या पॉडगुझे भागातल्या चौकात, जिथून नाझींनी ज्यू वस्तीतल्या लोकांना छावण्यांत नेलं, तिथे आता ७० रिकाम्या धातूच्या खुर्च्या आहेत. तिथे उभी असताना मी सगळ्यांना वळिवड्याचं सांगितलं. एकालाही माहीत नव्हतं. सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सायबेरिया-कझाकस्तानात हाकललेली माणसं इराणमार्गे आपल्याकडे आली. १९४३ ते १९४८ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. नंतर तिथेच सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. लग्नाचे कपडे घ्यायला मी तिथे कितीदा गेलेय! कोणाचे संसार तिथे पाच वर्षं चालले, हे दुकानांच्या गर्दीत कधी मनात आलं नाही.

रात्री आजीला फोन केला. म्हणाली, "पोलंडच्या मडमा व्हय? माझा बा छावणीत दूध घालायला जायचा की. त्यांची पोरं त्याला मराठीत हाक मारायची." हे तिनं आजवर कधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. यंदा उन्हाळ्यात तिचं सगळं बोलणं रेकॉर्ड करणार आहे.

ताई

फेब्रुवारीच्या तुकडीसाठी सकाळी नऊची वेळ नोंदवली आहे. कोल्हापूरकर, आजीचं रेकॉर्डिंग झालं की मला पाठव गं. आणि सांगलीची, तू बाकावर बसली होतीस तेव्हा तुझ्याजवळ येऊन बसायला हवं होतं मी. पुढच्या वेळी दोन-दोनच्या जोड्या करूनच आत जाऊया.